बोडी, बेशरम आणि बटईचा करार
शेतातली छोटी तळी म्हणजे बोड्या आणि इतर पाणथळ जागांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गटात दोन एकरांची जुनी बोडी आहे. पूर्वी तिच्या पाण्यावर खालच्या बांध्यांतला (खाचरांतला) धान पिकायचा, आता ती जानेवारीतच कोरडी पडते. जेसीबीवाला म्हणतो, सरसकट दहा फूट खोदून देतो, मुरूम मी नेतो, तुम्हाला एक पैसा खर्च नाही. खोदून घ्यावी का?
– शेतकरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : मुळीच नाही. त्याला बोडी नको आहे, मुरूम हवा आहे. बोडीत पाणी टिकतं ते तळाशी बसलेल्या चिकट मातीच्या थरामुळे. त्या थराखाली मुरूम असतो. दहा फूट खोदलं की थर फाटतो आणि दिवाळीनंतर पाणी बसल्या जागी पाझरून जातं. शिवाय गौण खनिजाचा परवाना नसताना मुरूम बाहेर गेला, तर दंडाची नोटीस जमीनमालकाच्या नावानेही येऊ शकते.

आधी पाहणी करा. एप्रिलमध्ये बोडी कोरडी असताना पाळीपासून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधापासून, वरच्या टोकापर्यंत एका रेषेत चार-पाच खड्डे घ्या, तीन-चार फूट खोल. वर काळा भुसभुशीत गाळ दिसेल, त्याखाली पिवळसर किंवा राखाडी चिकट माती. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून तिचं कडं वळवा. तडे न जाता कडं वळलं तर तो पाणी धरणारा थर. खोदाई त्या थराच्या माथ्यावर थांबली पाहिजे. प्रत्येक खड्ड्यात गाळ किती इंच आहे ते लिहून ठेवा आणि मशीन चालवणाऱ्याला तोच आकडा द्या. खड्डे बुजवताना चिकट माती परत तळाशी घालून धुमसा.

आता आकार. सगळी बोडी सारख्या खोलीची करू नका. पाळीच्या बाजूचा साधारण एक तृतीयांश भाग खोल ठेवा. तो भरल्यावर दीड ते दोन मीटर पाणी राहावं. उरलेला भाग वरच्या अंगाला उथळ होत जाऊ द्या, आठ-दहा मीटर चाललं की एक मीटर उतार, याहून तीव्र नको. वनस्पती रुजतात, मासे अंडी घालतात, अडई आणि कमळपक्षी चरतात ते याच दीड-दोन फूट पाण्याच्या पट्ट्यात. उभ्या कडांच्या खड्ड्यात पाणी असतं, बाकी काही नसतं. खोल भाग लागतो तो उन्हाळा काढण्यासाठी. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत नुसत्या उन्हाने जवळपास एक मीटर पाणी उडून जातं, तेव्हा फेब्रुवारीत दीड मीटर असेल तरच मे महिन्यात माशांचं बियाणं जगेल.

हिशेब असा : दोन एकर म्हणजे साधारण ८,००० चौरस मीटर. त्यातला तिसरा हिस्सा, २,७०० चौरस मीटर, सरासरी ६० सेंटिमीटर खोदला तर १,६०० घनमीटरच्या वर गाळ निघतो. ब्रासमध्ये ५७०. खोदल्यावर माती फुगते, म्हणून वाहतूक सातशे ब्रास धरा. हा गाळ शेतात दोन इंचांहून जाड पसरू नका. त्या जाडीने एकराला सत्तर ब्रास लागतात, म्हणजे दहा एकर आधी ठरवून ठेवा. नाहीतर ढीग पाळीवरच पडतात आणि पहिल्या पावसात परत बोडीत येतात.

उथळ भागातली वरची चार-सहा इंच माती खरवडावी लागलीच तर वेगळी ठेवा आणि काम संपल्यावर तिथेच अंथरा. तिच्यात देवधान (रानभात), कुमुदिनी, हायड्रिलाचं बी आणि कंद असतात. विकत घेऊ म्हटलं तर ते कुठे मिळत नाहीत. पाळीच्या पायथ्यापासून किमान पाच मीटर मात्र अजिबात खोदायचं नाही. पाळ बसते ती तिथूनच.

प्रश्न : दुरुस्त केलेली पाळ पहिल्याच वर्षी तुडुमाजवळून (पाणी सोडायच्या तोंडाजवळून) फुटली. माती तर भरपूर टाकली होती.
– वाचक, ता. नागभीड, जि. चंद्रपूर

उत्तर : पाळ किती मातीने बांधली याला फारसं महत्त्व नाही, ती किती दाबली यावर सगळं अवलंबून. हायवाने टाकून वरून जेसीबीची बकेट थोपटली, तर ती वरची वीतभरच दबते. आत पोकळ्या राहतात, पाणी त्यातून वाट काढतं. जुन्या पाळीला आधी पायऱ्या कापा, गवत आणि मुळं काढा. मग सहा-आठ इंचांचे थर, प्रत्येक थर ओलसर करून ट्रॅक्टर आडवा-उभा फिरवून दाबायचा. ओल किती? मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण तळहाताला पाणी लागू नये. माथा दीड-दोन मीटर रुंद, पाण्याच्या बाजूने एकास दोन उतार. माती पुढे बसते, म्हणून उंची दहा टक्के जास्त ठेवा.

तुडुमाच्या जागी सिमेंटचा पाईप टाकला असेल तर पाईपच्या अंगाला लागून पाणी सरकतं. पाईपभोवती दीड-दोन फूट जाडीची मळलेली चिकणमाती हाताने धुमसून भरा, तिथे यंत्र चालत नाही. पाईपच्या मधोमध काँक्रीटची एक चौकोनी कॉलर बसवली तर उत्तम. पाळीवरची जुनी झाडं तोडली असतील तर खोडंही काढावी लागतात. मुळं कुजली की त्यांच्या जागी बोगदे राहतात.

आणि सांडवा. पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे तो बहुधा बुजला असावा. बोडीवर येणारं पाणी २५ एकरांचं असेल, तर जोराच्या पावसात सेकंदाला पाऊण ते एक घनमीटर पाणी येतं. ते एक फूट जाडीने जाऊ द्यायचं तर सांडवा किमान तीन मीटर रुंद हवा आणि पाळीचा माथा सांडव्याच्या उंबऱ्यापेक्षा दोन-अडीच फूट उंच. सांडवा भरावावर काढू नका, पाळीच्या टोकाला मूळ जमिनीत काढा. मासे जाऊ नयेत म्हणून लोक सांडव्याला बारीक जाळी लावतात, तिच्यात काडीकचरा अडकतो आणि पाणी पाळीवरून जातं. जाळी लावायचीच तर मोठ्या घराची, तिरपी, आणि पावसात रोज साफ करणारा माणूस नेमून.

प्रश्न : बोडीत बेशरम माजली आहे. दरवर्षी कापतो, दरवर्षी दुप्पट येते.
– महिला बचत गट, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : कापता म्हणूनच दुप्पट येते. बेशरमच्या खोडाचा हातभर तुकडा ओल्या मातीला टेकला की त्याला मुळं फुटतात. ती मुळासकट उपटावी लागते. वेळ एकच : पाणी उतरलं आहे पण माती अजून मऊ आहे, साधारण फेब्रुवारी-मार्च. एप्रिलमध्ये जमीन टणक झाली की बुंधा आत तुटतो. चीक अंगाला खाजतो, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्या. उपटलेला माल पाळीवर टाकू नका, उंच मुरमाड जागी नेऊन मुळं वर करून कडक वाळवा आणि मगच जाळा. हिरवी असताना खतात नको, कुंपणाला तर नकोच. शेळ्यांना तिची चटक लागते आणि त्या पाय लटपटून मरतात, तेव्हा ढीग शेळ्यांच्या वाटेवर नसावा. ऑक्टोबरमध्ये आणि पुढची दोन वर्षं फेरी मारून नवे कोंब उपटत राहावं लागेल. पहिल्या वर्षी मजूर लावून पुढे सोडून दिलेल्या बोड्या तिसऱ्या वर्षी पहिल्यासारख्या होतात.

रिकामी जागा रिकामी ठेवली तरी तेच होतं. उन्हाळ्यात उथळ भाग हलका नांगरून घ्या आणि पाऊस पडून फूट-दीड फूट पाणी साचलं की जवळच्या चांगल्या तलावातून रोपं आणून लावा. तळाला हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम. पानं तरंगणाऱ्यांत कुमुदिनीच्या जाती. काठाला देवधान आणि लव्हाळे. पाण्याखालच्या रोपांची जुडी चिकणमातीच्या गोळ्यात खोचून गोळा पाण्यात सोडायचा, दीड-दोन मीटरवर एक. आणताना प्रत्येक जुडी धुऊन तपासा. जलकुंभीचं एक पिल्लू सोबत आलं तर सगळी मेहनत त्याच्या घशात. नवेगावबांधच्या बाजूला ढिवर समाजाच्या बायकांनी गटागटाने हेच काम तलावांमध्ये केलं आहे. कोणती वनस्पती कोणत्या पाण्यात लागते हे त्यांच्याकडून शिकून घ्या, आणि ते शिकवण्याची मजुरी द्या.

पहिली दोन वर्षं गवत्या म्हणजे ग्रास कार्प सोडू नका, तो लावलेलं सगळं खाऊन टाकतो. सिप्रिनस म्हणजे कॉमन कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ होतं, पाण्याखालच्या रोपांना ऊन मिळत नाही. थाई मागूरवर तर देशात बंदीच आहे. रोहू, कतला, मृगळाची बोटुकली एकरी हजार-बाराशे पुरेत. मरळ, शिंगी, देशी मागूर आपसूक येतात, त्यांना काठाचं गवत हवं असतं.

प्रश्न : बोडी आम्हा चार भावांची. गावातली मच्छीमार संस्था गाळ आणि बेशरम काढायला तयार आहे, पण मासे त्यांचे म्हणते. एक निसर्गसंस्थाही मदत देऊ करते. करार कसा करावा?
– शेतकरी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : भागीदारी चांगली आहे, फक्त मशीन येण्याआधी कागद होऊ द्या. पहिली गोष्ट, बोडी खरंच तुमची आहे का ते बघा. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली तेव्हा मोठे तलाव सरकारकडे गेले. छोट्या बोड्या बऱ्याच ठिकाणी खातेदारांच्या नावे राहिल्या, पण सगळीकडे नाही. सातबारा, गटाचा नकाशा आणि गावाचा वाजिब-उल-अर्ज, तिन्ही काढा. हा शेवटचा कागद लोक विसरतात. खासगी पाण्यावरचे गावाचे रूढ हक्क, म्हणजे ओलिताचे, वहिवाटीचे, मासेमारीचे, यात नोंदवलेले असतात, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ ने त्यांना आधार आहे. तिथे गुरं पाजण्याचा किंवा मासेमारीचा हक्क लिहिलेला असेल तर तुमच्या कराराने तो पुसला जात नाही. चौघा भावांच्या सह्या लागतील, बाहेरगावी असलेल्याचीही.

मुदत पाच वर्षांपेक्षा कमी नको. पहिली दोन वर्षं संस्थेच्या हाती फार काही लागत नाही, तेव्हा एका वर्षाच्या ठेक्यावर कोणीही बेशरम उपटणार नाही, तो फक्त मासे उपसेल. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागत नाही.

भांडण कशावरून होतं? जवळपास नेहमी पाण्यावरून. उन्हाळी धानाला मोटार लावली की मार्चमध्ये बोडी रिकामी होते आणि मासे मरतात. म्हणून खोल भागात सिमेंटचा खांब रोवा, त्यावर लाल रेघ मारा आणि करारात लिहा की पाणी रेघेखाली गेलं की मोटार बंद, मग धान वाळला तरी. रेघ कुठे मारायची हे चौघा भावांनी आणि संस्थेने बोडीवर उभं राहून ठरवावं, घरात बसून नाही. वाट्याचं सूत्र ठरावीक असं नाही. आमचं मत विचाराल तर ठरलेल्या रोख रकमेपेक्षा मासळीतला हिस्सा, म्हणजे बटई, बरा, कारण दुष्काळात दोघांचंही नुकसान वाटून जातं.

बाकीची कलमं थोडक्यात लिहा, पण लिहाच. मृगाच्या पहिल्या पुरापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जाळं नाही. मच्छरदाणीचं जाळं, विष, करंट कधीच नाही. बाहेरच्या जातीचं बियाणं चौघांना विचारल्याशिवाय सोडायचं नाही. पाळीची दुरुस्ती कोणी, किती दिवसांत. मधेच एखाद्या भावाने जमीन विकली तर विकत घेणाऱ्यावरही करार बंधनकारक. निसर्गसंस्थेला या करारात मालक किंवा ठेकेदार करू नका. रोपं, मोजणी, पक्ष्यांची नोंद आणि ठरलेल्या कामाचे पैसे, एवढीच तिची जागा, वेगळ्या पानावर. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत बोडीतली झाडं-मासे लिहून घ्या, त्याला खर्च नाही.

प्रश्न : माझ्या पाऊण एकराच्या बोडीची पाणथळ म्हणून नोंद झाली तर सरकार जमीन घेईल का?
– वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मालकी बदलत नाही, आणि धानाच्या बांध्या तसंच ओलित, पिण्याचं पाणी किंवा मत्स्यशेतीसाठी माणसाने बांधलेली तळी त्या नियमांच्या व्याख्येतच बसत नाहीत. लोक ज्या राष्ट्रीय पाणथळ नकाशाचं नाव घेऊन घाबरवतात, त्यात २.२५ हेक्टरवरच्या जागांच्या हद्दी आखल्या आहेत. तुमची पाऊण एकराची बोडी त्या मापाच्या खूपच खाली आहे.

प्रश्न : माझ्याकडे चाळीस गवळाऊ गुरं आणि खासगी चराईचं रान आहे. मधला पाणथळ तुकडा वडिलांनी नाल्याकडे चर काढून वाळवला होता, पण तिथे ना पीक आलं ना गवत. अमेरिकेत गोपालकांच्या रानात पाणथळ जागा परत करतात असं वाचलं. तसं इथे होईल का?
– पशुपालक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : तिथली पद्धत अशी : वन्यजीव विभागाचा ‘पार्टनर्स फॉर फिश अँड वाइल्डलाइफ’ हा कार्यक्रम १९८७ पासून चालतो. जमीन गोपालकाचीच राहते, विभाग तंत्रज्ञ आणि खर्चाचा वाटा देतो, आणि मालक किमान दहा वर्षं काम मोडणार नाही असं लिहून देतो. शेतीखात्याची वेगळी योजना तीस वर्षांसाठी किंवा कायमचे नांगरणीचे हक्क मोबदला देऊन घेते. आपल्याकडे तसा मोबदला देणारी यंत्रणा नाही. पण जमिनीवरचं काम तेच आहे आणि ते स्वस्त आहे : चर बुजवणं.

सगळा चर भरायची गरज नाही. नाल्याकडच्या तोंडाला आठ-दहा मीटर लांबीचा बूच पुरतो. त्या जागी चराच्या तळातला गाळ आणि गवत खरवडून काढा, कडांना खाचा घ्या, चिकणमाती सहा इंचांच्या थरांनी दाबा. माथा शेजारच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच ठेवून हरियाली लावा. जास्तीचं पाणी बुचावरून जाऊ देऊ नका, बाजूच्या गवतावरून पसरत गेलं पाहिजे. त्याआधी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, कारण पाणी मागे किती फुगेल ते डोळ्यांना कळत नाही. शेजाऱ्याच्या तुरीत ओल गेली तर भागीदारी राहिली बाजूला, तहसीलमध्ये तारखा सुरू होतील.

गुरांना बंदी घालू नका, वाट द्या. एका बाजूला चार-पाच मीटर रुंदीचा घाट करा, सहा मीटरला एक मीटर उतार, खाली दगड आणि वर सहा-आठ इंच मुरूम. बाकीचा काठ काटेरी फांद्यांनी पावसाळाभर बंद, आणि फेब्रुवारीनंतर थोडे दिवस चराईला उघडा. चराई पूर्ण बंद केली की पानकणीस सगळीकडे माजतं.

प्रश्न : खारपाणपट्ट्यात अशी उथळ तळी जमतील का? शेजाऱ्याच्या तळ्याच्या बांधाला भोकं पडतात.
– वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : जमतील, पण भंडाऱ्याची रीत तिथे चालत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली ही माती सोडियममुळे पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. बांधात केसाएवढी भेग असली तरी तिचा बोगदा होतो. परीक्षा सोपी आहे : काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या, त्यात वाळलेलं बोराएवढं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दोन-चार तासांत भोवती दुधाळ ढग पसरला तर ती माती नुसती वापरायची नाही. बांधाच्या पाण्याकडच्या दोन फुटांच्या थरात वजनाच्या साधारण दोन टक्के जिप्सम मिसळून, ओलवून, दाबून घ्या. उतार एकास तीन ठेवा. बांधाला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून त्यावर गवत हवंच, आणि पहिलं पाणी हळूहळू भरू द्या.

खोली दीड मीटरच्या आत. खाली खारं पाणी आहे, तिथवर गेलात तर गोड पावसाचं तळंही मचूळ होतं. पसरट करा, फेब्रुवारीत आटलं तरी हरकत नाही. हिवाळ्यात येणाऱ्या बदकांना आणि चिखलपायट्यांना आटत जाणारं तळंच आवडतं.

प्रश्न : आमच्या बांधीत सारसाने घरटं केलं आहे. रोवणी झाली आहे, निंदण बाकी आहे. काय करू?
– शेतकरी, जि. गोंदिया

उत्तर : घरट्याभोवती दहा-बारा पावलांची जागा सोडून बाकीचं निंदण करा, सकाळी उन्हाच्या आधी किंवा दुपार टळल्यावर. भर उन्हात पक्षी उठला तर अंडी तापतात. बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवण. बांधीतलं पाणी पार सोडू नका, पाणी असेपर्यंत कुत्री घरट्यापर्यंत जात नाहीत. त्या बांधीत कीटकनाशक नको. घरटं उचलून धुऱ्यावर ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो गुन्हा आहे आणि पक्षी ते घरटं सोडतो. गोंदियात ‘सेवा’ ही संस्था सारसांच्या घरट्यांवर लक्ष ठेवते, तिला आणि वनरक्षकाला कळवा. पिल्लं अंड्यातून निघाली की आईबापांबरोबर चालत बाहेर जातात. उडायला मात्र तीन महिने लागतात, तेव्हा कापणीच्या वेळी हार्वेस्टर लावण्याआधी एकदा बांधी फिरून बघा.

प्रश्न : दुरुस्त केलेल्या बोडीत शिंगाडा लावू का?
– वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : लावा, पण बोडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. पानांचं छप्पर झालं की खालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही आणि पहाटे मासे श्वासासाठी वर येतात. पानं चाळणीसारखी दिसू लागली तर ते शिंगाड्याचे भुंगेरे. फवारणी केली की विष थेट पाण्यात जातं, म्हणून अंडी असलेली पानं सुरुवातीलाच हाताने खुडा. रोज सकाळी तासभर, दोन माणसं, डोंग्यातून.